तिसरी रेघ

रस्ता खणला की त्याभोवती पिवळी पट्टी ओढतात, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. पण बाळंतिणीच्या खाटेभोवती? धानोरखेडच्या सरकारी दवाखान्यात सात नंबरच्या खाटेभोवती तशी पट्टी फरशीवर चिकटवलेली होती, खाटेपासून मोजून चार फुटांवर. डॉक्टर ती ओलांडत, नातेवाईक ओलांडत, झाडूवाली मावशीसुद्धा ओलांडे. बंदी फक्त एकाच माणसाला होती, आणि ती म्हणजे सिस्टर हेमलता डोंगरे.

गंमत अशी, की बाळाला अंगावर पाजायला शिकवावं तर हेमलताबाईंनीच, हे आसपासच्या चाळीस गावांना ठाऊक होतं. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. त्यांच्याकडे एक कापडी बाहुली होती, तिचं नाव ठमी. एका जुन्या तपकिरी मोज्यात कापूस कोंबून त्यांनी छाती शिवली होती आणि बोंडाच्या जागी चिंचोका घातला होता. आधी ठमी आणि मोजा. मग त्या बाळंतिणीच्या हातावर आपला हात ठेवत, आणि खरं शिकणं तिथून सुरू होई. घाबरलेल्या पोरीचे खांदे कानापर्यंत चढलेले असत, ते हेमलताबाईंचा तळवा पाठीवर पडला की आपोआप खाली येत. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि तो हातच त्यांना वापरायला मिळत नव्हता.

याला कारण क्षीररेखा नावाचं यंत्र. संस्कृतची हौस असलेल्या कुणीतरी हे नाव ठेवलं असावं. वॉर्डात सगळ्याजणी त्याला सरळ रेघमशीन म्हणत.

या मशीनमागचं शास्त्र मात्र असं होतं, की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. आईच्या दुधात जिवंत पेशी असतात, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. बाळ दूध पितं तेव्हा त्यातल्या बहुतेक पेशी पचून जातात. पण मोजक्या काही पचत नाहीत. त्या आतड्याच्या भिंतीतून आत शिरतात आणि बाळाच्या अंगात घर करून राहतात, एकदोन महिने नव्हे, जन्मभर. मुलगी असेल तर त्यातल्या काही तिच्या छातीत जाऊन निजतात. पुढं ती मुलगी स्वतः बाळंत होते, तेव्हा त्या जाग्या होतात आणि तिच्या पहिल्या चिकाबरोबर बाहेर येतात. म्हणजे बाळ आईचा चीक पितं त्यात आजीच्या दुधाचाही अंश असतो. कधी कधी पणजीचासुद्धा.

आणि या पेशी नुसत्या पाहुण्या नव्हत्या. आजीनं ज्या ज्या रोगजंतूंशी झुंज घेतली, त्यांची ओळख त्यांनी जपून ठेवलेली असे. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू तेव्हा नवजात बाळांना पटापट गाठत होते. अशा वेळी कुठल्या बाळाला कुठल्या जंतूपासून आधीच संरक्षण मिळालं आहे, हे कळणं म्हणजे डॉक्टरांसाठी आंधळ्याला काठी सापडण्यासारखं होतं. मशीनमध्ये चिकाचा पहिला थेंब घालायचा. वीस मिनिटांनी चिठ्ठी येई. पहिली रेघ बाळंतिणीची स्वतःची, दुसरी तिच्या आईची, आणि नशीब असेल तर तिसरी, पुसट, आजीची.

अडचण एकच होती. थेंबाला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर त्या माणसाचीही रेघ उमटे. म्हणून वॉर्डातल्या प्रत्येकीच्या गालाच्या आतला नमुना मशीनला आधीच देऊन ठेवला होता. कर्मचाऱ्याची रेघ दिसली की मशीन लाल अक्षरांत 'दूषित' छापे आणि चिठ्ठी बाद होई. पहिला थेंब तर एकदाच मिळतो, आणि तो घ्यायची खाट ठरलेली होती, सात नंबरची.

हेमलताबाईंची रेघ दोनदा आली होती. पहिल्यांदा त्यांनी कबूलच केलं. हात धुतले होते, पण हातमोजे घालायचे राहिले होते. दुसऱ्यांदा मात्र हातमोजे होते, कोपरापर्यंत होते, तरी रेघ आली. मशीन सांभाळायला शहरातून आलेल्या समीना काझी मॅडमनी तसा अहवाल दिला. पोरगी कामाला चोख होती, तिचं काही चुकलं नव्हतं. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांची चिठ्ठी आली: शिकवायचं ते तोंडानं शिकवा, चार फूट लांबून. तिसऱ्यांदा रेघ आली तर उरलेले महिने स्टोअरला. तिथं कापसाचे गठ्ठे असतात आणि सलाइनच्या बाटल्या. पाजायला शिकवावं असं तिथं कुणी नसतं.

सात नंबरला त्या दिवशी सकाळी जी मुलगी आली, तिचा केसपेपर वाचताना हेमलताबाईंचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. गुंजन. वय सत्तावीस. माहेरचं आडनाव काळमेघ. जन्म याच दवाखान्यात. पहाटे बाळंत झाली, मुलगी झाली, वजन दोन किलो शंभर. बाळ झोपाळू, छातीला लागत नाही.

खाटेजवळच्या स्टुलावरून पन्नाशीची एक बाई लगबगीनं उठली. अलीकडे आज्यांची नावं पल्लवी आणि प्रियांका असतात. या आजीचं नाव पल्लवी होतं.

"ओळखलं का सिस्टर? मी काळमेघाची पल्लवी. मले झटके आले होते बाळंतपनात, नागपूरले नेलं होतं. हेच ते पोट्टी!"

"ओळखलं," हेमलताबाई पट्टीच्या अलीकडूनच म्हणाल्या.

"गुंजन, याच त्या सिस्टर. मले यायनंच शिकवलं." पल्लवीनं शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही गोष्टीत ओढून घेतलं. "अवो ताई, ऐका. सहा दिवस मी तिकडं बेशुद्ध. इकडं हिनं पावडरच्या दुधाले तोंड नाई लावलं. वाटीनं द्या, चमच्यानं द्या, ओकून टाके. सहा दिवस उपाशी राह्यली, पन माह्यासाठी थांबली! अन मी आली तं अशी बिलगली, जशी रोजचीच सवय हाय."

"झालं सुरू," गुंजन दमलेल्या आवाजात हसली. "लग्नात सांगितली, बारशांत सांगितली. आता वॉर्डात पण सांग."

शेजारची बाई हळहळली, आणि हेमलताबाईंनी ठमीचं झबलं उगाचच नीट केलं.

कारण गुंजन उपाशी राहिलीच नव्हती.

तेव्हा हेमलताबाई तिशीच्या होत्या, कंत्राटावर होत्या. त्यांचा सात महिन्यांचा अंशुल घरी आजीपाशी असे. बेशुद्ध आईला घेऊन गाडी नागपूरला गेली. मागे राहिली ती एक दिवसाची पोर, पावडरचं दूध ओकणारी, रडायचंही सोडून दिलेली. आईच्या दुधाची पेढी शंभर मैलांत कुठं नव्हती. दारात काळमेघांच्या म्हाताऱ्या आजीबाई, पल्लवीच्या सासूबाई, बसलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरचं आडनाव त्या विचारत. डोंगरे हे आडनाव ऐकल्यावर त्यांनी आपला पाण्याचा गडू अलीकडे ओढून घेतला होता. ते हेमलताबाईंनी पाहिलं, आणि तरीही आत गेल्या, पडदा ओढला आणि बाळाला छातीशी घेतलं. पोर हुंगत हुंगत आली आणि तिनं घट्ट धरलं. सहा दिवस हे चाललं. रजिस्टरमध्ये त्यांनी 'पावडर, तीस मिली' लिहिलं. खोटं लिहिलं, हे त्यांना कळत होतं. सातव्या दिवशी पल्लवी शुद्धीवर येऊन परतली तेव्हा त्या सगळं सांगणार होत्या. पण पोरीनं छाती धरली आणि पल्लवी रडत रडत म्हणाली, "माह्यासाठी थांबली व माय!" आता हे तिच्या हातून काढून घ्यायचं कुणी? हेमलताबाई गप्प राहिल्या, त्या आजतागायत.

"चला," त्या आता म्हणाल्या. "आधी मशीनसाठी थेंब. मग बाळ."

समीना मॅडम कडेला उभ्या राहिल्या. हेमलताबाईंनी दोन्ही हात पाठीमागे एकात एक अडकवले.

"गुंजन, खांदे सोड. पाठीला उशी लाव. पल्लवी, तू माझे हात हो. तिच्या हातावर हात ठेव. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागं. आता आत दाब, छातीच्या भिंतीकडे. आणि हळूच पुढं. बोंड पिळायचं नाही, ते काही लिंबू नाही. सोड. परत."

"असंच शिकवलं होतं तुमी मले," पल्लवी पुटपुटली. तिचे हात मुलीच्या हातांवर हलत होते आणि त्या हातांना सत्तावीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवत होतं. तिसऱ्या दाबाला पिवळसर, मधासारखा दाट थेंब फुगला आणि वाटीत पडला. समीनानं वाटी उचलून नेली. हेमलताबाईंनी पाठीमागची बोटं सोडलीसुद्धा नव्हती.

मग बाळाची पाळी. "बाळ छातीकडे आण, छाती बाळाकडे नको नेऊस. डोकं नको दाबूस, कानांच्या मागं धर. बोंड नाकासमोर. आता थांब. जांभई देतं तेवढं तोंड उघडू दे." पण बाळ तोंड चोखंदळासारखं मिटून घेई, आणि उघडलंच तर नुसतं टोक धरी. गुंजन कळवळून ओठ चावे. हेमलताबाईंना लांबूनच दिसत होतं: मनगट अर्धा इंच खाली हवं, बाळाची हनुवटी आधी टेकायला हवी. तो अर्धा इंच शब्दांत काही केल्या सांगता येईना. तीन वेळा झालं, चार वेळा झालं, बाळ थकून झोपलं.

तेवढ्यात समीना परत आली. तिच्या हातात चिठ्ठी होती, आणि ती चिठ्ठीकडे न बघता हेमलताबाईंकडे बघत होती.

"सिस्टर, तीन रेघा आल्या. तिसरी तुमची आहे."

हेमलताबाईंनी आपले हात पुढं घेऊन पाहिले. मग त्यांना कळलं. सत्तावीस वर्षं! सहा दिवसांचं ते चोरून पाजलेलं दूध. ते संपलंच नव्हतं. ही पोर शाळेत गेली, तापानं फणफणली, लग्न करून सासरी गेली, आणि या सगळ्या वेळात त्या दुधाचे चार कण तिच्या छातीत निजून वाट बघत होते. आज सकाळी ते उठले होते, तिच्या मुलीला पाजायला. स्वतःच्या अंगातून गेलेलं काही इतकी वर्षं दुसऱ्याच्या अंगात जिवंत राहतं, या विचारानं हेमलताबाईंना हात जोडावेसे वाटले. कुणाला जोडायचे ते मात्र समजेना.

त्यांनी पल्लवीकडे पाहिलं. ती नातीच्या कपाळावरून बोट फिरवत होती. खरं सांगितलं तर वॉर्ड राहील, हात परत मिळेल. आणि हिची गोष्ट जाईल. आठ महिन्यांचाच तर प्रश्न आहे. स्टोअर तर स्टोअर.

"माझाच हात लागला असेल, मॅडम," त्या म्हणाल्या. "वाटी मी ठेवली होती ना. लिहा दूषित."

पल्लवी ताडकन उठली. "काऊन खोटं बोलता सिस्टर? वाटी या मॅडमनं आनली, मॅडमनंच नेली. मी पाह्यलं ना! तुमचे हात पाठीमागं होते." ती समीनाकडे वळली. "मी सही करून देईन. यायनं बोट नाई लावलं. तुमची मशीनच बिघडली असन."

"पल्लवी, तू बस," हेमलताबाई कळवळून म्हणाल्या. "जाऊ दे."

"काऊन जाऊ दे? माह्या पोरीले जगवलं तुमी, वाटीवाटीनं पावडर पाजून, अन मी जाऊ देऊ?"

एखाद्यासाठी भांडणारं माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतं, ते असं. समीना चिठ्ठीकडे बघत सावकाश म्हणाली, "मलाही दिसलं. हात लागला नव्हता. म्हणून मी थेंब परत तपासला. हातावरून कातडीच्या पेशी गळतात. या कातडीच्या नाहीत." ती थांबली. "या दूध बनवणाऱ्या पेशी आहेत. आणि त्या बाहेरून पडलेल्या नाहीत. त्या गुंजनच्या आतून आल्यात."

"आतून म्हणजे?" गुंजननं विचारलं.

समीनानं मघाचंच शास्त्र तिला चार वाक्यांत सांगितलं. कोणत्या बाईची रेघ कुणाच्या चिकात येते आणि कशानं येते. शेवटचं वाक्य तिनं उच्चारलंच नाही. त्याची गरजही नव्हती.

पल्लवी खाली बसली.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"सहा."

"दिवसातून किती डाव?"

"आठ. कधी नऊ." हेमलताबाई म्हणाल्या. "घरात माझा सात महिन्यांचा होता, दूध भरपूर होतं. तुझ्या सासूबाईंना सांगायची हिंमत झाली नाही. आणि तू आलीस, तर तू... माझं चुकलं, पल्लवी. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"म्हंजे ते माह्यासाठी थांबली नोती."

हेमलताबाईंनी मान खाली घातली. गुंजननं आईचा हात धरायला हात लांबवला, पण पल्लवीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिचे ओठ हलत होते, काहीतरी जुळवत असल्यासारखे. आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, सगळ्या वॉर्डानं वळून पाहावं इतकी.

"लोकायले मी हसून हसून सांगतलं, सत्तावीस वर्षं," ती म्हणाली. "अन घरी आली का पदरात तोंड घालून रडली. सहा दिवस माहं लेकरू भुकेनं तळमळलं अन मी तिकडं निजून होती, हे मले सपनात दिसे. हिनं ताटात अर्धी पोळी ठेवली तं माह्या पोटात गोळा ये. वाटे, तवाची भूक राह्यली असन हिच्या पोटात." तिनं हेमलताबाईंकडे पाहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंड हसत होतं. "उपाशी नोती व माय! माही पोट्टी उपाशी नोती! आठ-आठ, नऊ-नऊ डाव पेली!"

हेमलताबाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. ज्या गोष्टीला त्या इतकी वर्षं पल्लवीचा दागिना समजत होत्या, तो तिच्या अंगात रुतलेला काटा होता. तो काढण्याचं औषध त्यांच्याजवळ होतं आणि त्यांनी ते दयेपोटी लपवून ठेवलं होतं.

या गलक्यानं बाळ जागं झालं आणि त्यानं भोकाड पसरलं. पल्लवी उठली. वाकून तिनं फरशीवरच्या पिवळ्या पट्टीचं टोक नखानं उचकटलं आणि चर्रकन ती पट्टी दाराच्या बाजूनं पूर्ण ओढून काढली. समीना मॅडम खिडकीबाहेरचा कडुनिंब बघत उभ्या होत्या.

"या," पल्लवी म्हणाली. "हात लावा."

हेमलताबाईंनी हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. खाटेजवळ गेल्या आणि गुंजनच्या पाठीवर तळवा ठेवला. खांदे खाली आले. मग त्यांनी तिच्या मनगटाला नुसतं बोट लावलं. अर्धा इंच. बाळाची हनुवटी छातीला टेकली, रडणारं तोंड तसंच आ वासलेलं होतं, आणि खालचा ओठ फुलाच्या पाकळीसारखा बाहेर वळून त्यानं छाती धरली. गुंजनचा श्वास अडकला. एक, दोन, तीन ओढण्या झाल्या, आणि मग आला तो आवाज, घोट गिळल्याचा, बारीकसा.

"लागली," हेमलताबाई कुजबुजल्या. हजारो वेळा म्हटलेला शब्द. पण आज त्या घोटात गुंजन होती, पल्लवी होती आणि त्या स्वतःही होत्या. आणि ही दोन किलोची पोर ते सगळं घेऊन पुढं निघाली होती, त्यांनी कधी न पाहिलेल्या कुठल्या तरी वर्षाकडे.

समीनानं गळ्यात अडकवलेलं नोंदीचं यंत्र हातात घेतलं. "सिस्टर, दूषित काढून टाकते. पण रेघेपुढं नातं भरावं लागतं." ती थोडी अडखळली. "आणि मागच्या महिन्यातल्या दोन चिठ्ठ्याही काढू का?"

"पहिली राहू दे. ती खरंच माझ्या हाताची होती," हेमलताबाई म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "दुसरी, ती हातमोज्यांची... तेव्हा पडद्याआड गुंजन एकटीच नव्हती. त्या मुलीचं माहेरचं नाव काय होतं, बघून सांगाल का मला?"

"नातं काय लिहू यांचं?" समीनानं पल्लवीला विचारलं.

"दुसऱ्या रेघेपुढं काय हाय? माह्या?"

"आई."

"मंग तिसरीपुढं बी तेच लिवा."

"मशीन एकच आई घेतं, ताई."

"तं शिकवा त्याले," पल्लवी म्हणाली आणि तिनं हेमलताबाईंसाठी स्टूल पुढं सरकवलं. "या वॉर्डात जे बी येते, ते न शिकलेलंच येते."

हेमलताबाई स्टुलावर बसल्या. तळवा त्यांनी गुंजनच्या पाठीवर तसाच राहू दिला आणि बाळाचे घोट मोजायला लागल्या.